हवाबंद

मोजल्या मी. त्रेपन्न बरण्या.
गुलिकोच्या तळघरात, झेस्ताफोनीच्या वरच्या गावात,
टॉर्च दातांत धरून एकेक फिरवून पाहिली.
वांगी, लाल मिरची, घेवडा, पुन्हा वांगी.
पत्र्याची झाकणं, हातयंत्राने कडा वळवून बसवलेली.
एकही फुगलेलं नाही.
चोपन्नावी फोडलेली, ती आधीच प्रयोगशाळेत.

"वास आला असता तर कळलं असतं मला,"
गुलिको म्हणते. "चाळीस वर्षं
या नाकावर घर चालवलंय."

तिला कसं सांगू,
ते नाकाच्या वाटेला जातच नाही.

ते मातीत होतं. वांग्याच्या टोपीखाली,
काटे असतात तिथे.
तिने तीन पाण्यांनी धुतलं. राहिलं.
तिने तासभर उकळलं.
ते कवच ओढून बसून राहिलं,
पाहुणे जाईपर्यंत आतल्या खोलीत दडणाऱ्या पोरासारखं.
मग तिने काठोकाठ तेल ओतलं,
चमच्याच्या दांड्याने डिवचून डिवचून
शेवटचा बुडबुडाही वर काढला,
आणि झाकण दाबलं.

आपण गुदमरून गेलो असतो
तिथे ते जागं झालं.

हे मला अजून पेलत नाही.
ती जरा आळशी असती,
झाकण सैल बसलं असतं,
तर बुरशी आली असती. हिरवी, केसाळ, प्रामाणिक.
नाक मुरडून तिने सगळं खड्ड्यात ओतलं असतं.

ऑक्टोबरात नुक्री आला, बतुमीच्या बंदरातून, चार दिवसांच्या सुट्टीवर.
पहिली बरणी त्याच्यासाठीच फोडली.
तिने स्वतः खाल्लं नाही, दाढ दुखत होती.
त्या दाढेला ती आता शिव्या घालते.

दुसऱ्या सकाळी तो म्हणाला, आई, तू दोन दिसतेस.
एक पुरत नव्हती का रे, म्हणून ती हसली.
दुपारी पापण्या खाली आल्या.
ताप नाही. कुठे दुखत नाही.
जीभ जड, घसा वाळवंट, प्यालेलं पाणी नाकातून परत.
मग मान. मग खांदे. मग छाती.
कुणीतरी माळ्यापासून खाली
एकेक दिवा मालवत यावं तसं.
आणि आत तो टक्क जागा,
सगळं ऐकत.

कुताइसीच्या इस्पितळात आता यंत्र त्याचा श्वास घेतं.
घोड्याच्या रक्तातून काढलेलं औषध रात्रीच पोचलं,
रक्तात मोकळं फिरणारं विष त्याने धरलं.
नसांना चिकटलेलं चिकटलंच.
तिथे नवे कोंब फुटायला हवेत, डॉक्टर म्हणतात,
आणि किती दिवस ते सांगत नाहीत.
संध्याकाळी गुलिको बोटांनी त्याची पापणी उचलते
आणि त्याच्यासमोर उभी राहते.
"बघ, एकच आहे."

माझ्या अर्जात शेवटी एक रकाना असतो. कारण.
चार पर्याय छापलेले. तिसरा: निष्काळजीपणा.
पेन तिथे थोडा वेळ टेकला.
मग मी चौथ्यावर खूण केली, "इतर",
आणि पुढच्या ओळीत काही लिहिलं नाही.

बरण्या गाडीत भरायला तीच आली मदतीला.
नष्ट करायच्या आहेत हे सांगून झालं होतं.
तरी वाटेत फुटू नयेत म्हणून
एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून देत होती.

माझ्याही घरी सासूबाईंनी पाठवलेल्या नऊ आहेत.
बीज उकळीला भीक घालत नाही,
विष मात्र नाजूक, दहा मिनिटांत मोडतं.
म्हणून झाकण उघडलं की थेट पातेल्यात,
आणि मी घड्याळासमोर.
बाद्री म्हणतो, लगदा झाला, चव गेली सगळी.
जाऊ दे.
तो ताट घेऊन उभा आहे.
आठवं मिनिट.
अजून दोन.